बाभळीच्या पाण्यावर एक दिवस

वाचकहो, प्रवासवर्णन म्हटले की डोळ्यांसमोर लेणी येतात, थंड हवेची ठिकाणे येतात, समुद्र येतो. आमचा हा प्रवास त्यातला नाही. नांदेडहून सकाळच्या पॅसेंजरने धर्माबादला जायचे, दिवसभर गोदावरीच्या पाण्यात गळ टाकून बसायचे आणि रात्री बहिणीच्या घरी भाकरी खाऊन झोपायचे, एवढाच तो. पण या एका दिवसासाठी आमच्या घरात दोन महिने तयारी चालली होती, आणि त्याचे कारण होते एक मासा. त्याचे नाव मरळ.

आमच्या थोरल्या मुलीची एक वही आहे. सुटीच्या दिवशी आम्ही बापलेक विष्णुपुरीच्या पाण्यावर गळ घेऊन जातो. जो मासा लागेल त्याचे नाव, लांबी आणि तारीख ती वहीत लिहिते. दोन वर्षांत चार जाती झाल्या : चिलापी, रोहू, मृगळ आणि एकदा वाम. वाम सापासारखी वळवळली तेव्हा धाकट्याने काठी टाकून पळ काढला होता, तेही वहीत लिहिले आहे. ही वही एके दिवशी आमच्या आईने नातीकडून वाचून घेतली. आईला लिहिता-वाचता येत नाही. सगळे ऐकून ती म्हणाली, "यात मरळ कुठाय? मरळ नाही धरली तर काय धरलं?"

त्यावर तिने जी हकिकत सांगितली ती आम्हालाही अर्धीच ठाऊक होती. १९७२ चा दुष्काळ. आई पहिल्या बाळंतपणाला धर्माबादजवळच्या माहेरी आलेली. आमचे आजोबा सालगडी. दुष्काळात मालकानेच कामावरून कमी केले, मग घरचे सगळे रोजगाराच्या कामावर खडी फोडायला. तिथे सुकडी मिळायची, तीही पोटभर नाही. आईचे पोट वर आलेले आणि अंगात रक्त नाही. नदीचे डोह आटून चिखल झालेले. आजोबा रात्री कंदील घेऊन त्या चिखलात हात घालून बसायचे. मरळ हा मासा पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेतो, त्यामुळे डबके आटले तरी ओल्या चिखलात तो काही काळ तग धरतो. अशा दोन मरळी आजोबांना मिळाल्या. त्यातली मोठी त्यांनी एकट्या लेकीला खाऊ घातली. बाकीच्यांनी नुसता रस्सा प्याला. त्यानंतर आठ दिवसांनी आमचा जन्म झाला.

"त्या मरळीवर तू आहेस," असे आई म्हणते. विज्ञान एवढेच सांगेल की उपाशी बाळंतिणीला माशातली प्रथिने मिळाली. पण आम्ही पन्नाशी ओलांडली तरी जिवंत मरळ कधी पाहिली नव्हती, आणि आमच्या लेकरांनी तर नावही ऐकले नव्हते. मग ठरले : वहीतली पाचवी जात मरळच, आणि तीही आईच्या माहेरच्या पाण्यातली. आईचे डोळे आता अधू झाले आहेत. पुन्हा एवढा प्रवास तिला झेपेल की नाही, हे कोणी बोलून दाखवले नाही, पण सगळ्यांच्या मनात होते.

गाडीने मुदखेड सोडले, उमरी सोडली, करखेली गेली. आई खिडकीला बसून स्टेशने ओळखत होती. तिच्या लहानपणी ही छोटी लाइन होती आणि डब्याला कोळशाचा वास यायचा. धर्माबादला उतरले की वास मिरचीचा. इथली लाल मिरचीची बाजारपेठ आणि मिरची पूड दळणाऱ्या गिरण्या लांबवर प्रसिद्ध आहेत. बाहेरगावचा माणूस स्टेशनाबाहेर पडताच दोनदा शिंकला नाही तर नवल! पुढचे स्टेशन बासर, ते तेलंगणात. म्हणून धर्माबादच्या माणसाच्या जिभेवर मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच वाक्यात नांदतात. आमचे दाजी चहावाल्याशी तेलुगूत, ऑटोवाल्याशी उर्दूत आणि आमच्या बहिणीशी खाली मान घालून मराठीत बोलतात.

दाजींनी सगळी तयारी करून ठेवली होती. बांबूच्या चार काठ्या, दोरी, गळ, शिशाचे मणी आणि तरंडीसाठी ज्वारीच्या धांड्याचे तुकडे. एका डब्यात ओल्या मातीतली गांडुळे, दुसऱ्यात शेंगदाण्याची पेंड घालून मळलेली कणीक. टमटममध्ये काठ्या बाहेर काढून आम्ही सातजण बाभळीच्या रस्त्याला लागलो. मृगाचे दोन पाऊस होऊन गेले होते. रानात पेरण्या चालल्या होत्या. पाभरीमागे बाया वाकून चालत होत्या.

बाभळीचा बंधारा आधी समजून घेतला पाहिजे, कारण आमच्या दिवसाची वेळ त्यानेच ठरवली होती. गोदावरीवर धर्माबाद तालुक्यात बांधलेला हा १४ दरवाज्यांचा बंधारा. त्यात २.७४ टीएमसी पाणी अडते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. खाली तेलंगणात पोचमपाडचे श्रीरामसागर धरण आहे. त्याची पायाभरणी १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. १९७५ च्या करारात पैठणपासून पोचमपाडपर्यंतच्या टापूत महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीपर्यंत पाणी वापरावे असे ठरले. तरी बाभळीवरून दोन राज्यांत वाद पेटलाच. खालच्यांचे म्हणणे, आमच्या धरणाच्या पाणफुगवट्यात तुम्ही भिंत घातली. वरच्यांचे म्हणणे, आमच्या दारावरून वाहणारी नदी आणि आमच्याच घशाला कोरड. २००६ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधारा पाहायला निघाले, तेव्हा त्यांना धर्माबादेत ताब्यात घेऊन ठेवले होते. त्या दिवसांतल्या पोलिसांच्या गाड्या आमची बहीण अजून मोजून सांगते.

शेवटी २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, म्हणजे पावसाळ्याचे पाणी खाली जाईल. २९ ऑक्टोबरपासून दरवाजे बंद करून पाणी अडवायचे, आणि १ मार्चला त्यातले ०.६ टीएमसी खाली सोडायचे. त्याप्रमाणे दरवर्षी १ जुलैला दोन्ही राज्यांचे अधिकारी आणि केंद्रीय जल आयोगाचा प्रतिनिधी यांच्या समक्ष दरवाजे वर उचलले जातात. आपल्या वाचकांना एक गोष्ट ठाऊक असावी. हा जल आयोग १९४५ साली दुसऱ्या नावाने स्थापन झाला, आणि त्यामागे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. नदीचे पाणी मोजून-मापून, समोरासमोर बसून वाटावे, या विचाराला त्यांनी तेव्हा सरकारी कारभारात बळ दिले. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे मूळ रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या तंट्यात दाखवले. बंधाऱ्याच्या भिंतीकडे पाहताना आम्हाला हे आठवल्यावाचून राहिले नाही.

आम्ही गेलो तो दिवस ३० जूनचा. तो नेमका रविवार आला होता. दुसऱ्या दिवशी दरवाजे उघडणार, म्हणून साठलेल्या पाण्यावर बसायचा हा शेवटचा दिवस.

बंधाऱ्यावर बसायला मनाई असते, आणि मरळही उघड्या पाण्यात राहत नाही. ती राहते गवताळ, संथ पाण्यात. म्हणून दाजींनी आम्हाला वरच्या अंगाला नेले, जिथे एक ओढा येऊन मिळतो. ओढ्याच्या तोंडाशी पाणी आत शिरून डबरा तयार झालेला, काठाने बेशरमाची झुडपे आणि आत पाणगवत. तिथे एक म्हातारे भोईमामा जाळे विणत बसले होते. बहुतेक बंधाऱ्यांवर आणि तलावांवर मासे धरण्याचा हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. त्यावर त्यांची चूल पेटते. म्हणून आधी त्यांना विचारले. मामा हसून म्हणाले, "गळच ना? बसा की. गळानं काय नदी रिकामी होते का?" मग डब्यातली कणीक पाहून त्यांनी विचारले, कोणत्या माशासाठी आलात. मुलीने मोठ्या तोऱ्यात सांगितले, "मरळ."

"कोर्रमीनू? आन् कणकेवर? मरळ काय पोळी खाती का, पोरी?"

तेलुगूत मरळीला कोर्रमीनू म्हणतात. तेलंगणाने २०१६ साली तिला राज्यमासा म्हणून जाहीर केले. हैदराबादेत मृग नक्षत्राच्या दिवशी दम्याचे औषध म्हणून जिवंत मरळीचे पिल्लू गिळायला देतात, आणि त्यासाठी आपल्या भागातूनही माणसे गाडी भरून जातात. त्याला वैद्यकशास्त्राचा काही आधार नाही. दमा असेल त्याने डॉक्टरकडेच जावे. मरळीचे खरे मोल तिच्या मांसात आहे : काटे कमी, चव गोड आणि बाजारात भाव चढा. ती बेडूक, किडे, लहान मासळी खाते. म्हणून आम्ही कणीक ठेवून दिली आणि गांडुळे लावली.

आठ वाजता तरंड्या पाण्यावर पडल्या. नऊ वाजता धाकट्याला पहिली चिलापी लागली. साडेनऊला दुसरी. दहापर्यंत पाच झाल्या, सगळ्या तळहाताएवढ्या. चिलापी मूळची आफ्रिकेची. १९५२ साली ती आपल्या देशात आणली गेली आणि आता कुठे नाही असे पाणी सापडत नाही. मुलीने शाळेच्या वाचनालयातून वाचून आणले होते की मोझांबिक चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, म्हणून ती एवढी वाढते. भोईमामांची तक्रार वेगळी होती. त्यांच्या तरुणपणी एका फेरीत दहा-बारा जातींचे मासे यायचे. आता जाळे काढले की चिलापीच चिलापी. "मासा हाय, पर नदी गेली," असे ते म्हणाले.

त्यानंतर काही घडेना. अकरा वाजले, बारा वाजले. तरंडी हलेना. ढग आले आणि गेले. बहिणीने भाकरी, ठेचा आणि झुणका सोडला, आम्ही झुडपाच्या सावलीत जेवलो. लेकरे कंटाळली, मग चिखलाची धरणे बांधून दरवाजे उघडण्याचा खेळ खेळू लागली. आई मात्र पाण्याकडे तोंड करून बसली होती. तिला तरंडी दिसत नव्हती, पण पाण्याचा आवाज ऐकून ती सांगे, "तिकडं काहीतरी उडालं बघ."

तिने मुलीला हाताने दाखवले की पूर्वी गावाचा घाट कुठल्या बाजूला होता. वरच्या अंगाला गावाचे पाणी, त्याच्या खाली धुणी, त्याच्याही खाली आपल्या लोकांची जागा. तिथेच प्यायचे, तिथेच जनावरे धुवायची. मासे मात्र दोन्हीकडे सारखेच फिरायचे. "माझा बाप म्हणायचा, माशाला वरचा घाट नाही आन् खालचा नाही," असे सांगून ती हसली. मुलगी हसली नाही. तिने विचारले, "मग तुम्ही वरचं पाणी का नाही घेतलं?" आई म्हणाली, "घेतलं असतं तर बापाला गावात ठेवलं नसतं. तू आता घेतेस ना नळाचं? घे."

धाकट्याचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. हा दर रविवारी विहारात जातो. त्या दिवशी विहार चुकला होता, म्हणून की काय, तो म्हणाला, "बाबा, पहिल्या शीलात आपण काय म्हणतो? मग आपण गळ का टाकतो?"

दाजींनी बिडी विझवली. आमच्याजवळ नीट उत्तर नव्हते. बाजारातून आणलेला मासाही कोणीतरी धरलेलाच असतो, एवढे आम्ही बोललो, पण ते उत्तर नव्हे हे आम्हालाच कळत होते. आई म्हणाली, "पोटाला लागतं तेवढं धरावं. शौकाला धरू नये. बाकी तू मोठा झाल्यावर तुझं तू ठरव." लेकराने मान हलवली, पण त्याचे समाधान झाले असे दिसले नाही. आमचेही झाले नव्हते, कारण आम्ही वहीत नाव लिहायला आलो होतो, आणि ते पोटाचे काम आहे की शौकाचे?

तीनच्या सुमाराला दाजींची काठी वाकली. सगळे उठले. "मरळ, मरळ!" करत लेकरे नाचू लागली. वर आला तो शिंगाळा, वीतभराहून मोठा, मिशा हलवीत. त्याच्या पंखांपाशी टोकदार काटे असतात. गळ काढताना एक काटा दाजींच्या अंगठ्यात गेला आणि त्यांनी तिन्ही भाषांत ओरडून घेतले! बहिणीने जखम साबणाने धुऊन फडके बांधले. मुलगी वही काढून म्हणाली, "पाचवी जात." पण तिच्या आवाजात आनंद नव्हता.

चार वाजून गेल्यावर भोईमामा हळूच आले आणि ओठांवर बोट ठेवून त्यांनी बेशरमाच्या झुडपापलीकडे दाखवले. तिथे ताटलीएवढ्या जागेत पाणी उकळल्यासारखे बुडबुडत होते आणि त्या बुडबुड्यांचा रंग तांबूस होता. आम्हाला काही समजेना. मामा कुजबुजले, "पिल्लं हायत. मरळीची. शंभरानं असतील. श्वास घ्यायला वर येतात. आन् खाली बघा." तांबड्या ढगाखाली एक काळी लांब सावली स्थिर उभी होती. मग ती वळली. हातभर लांब, साप्याच्या डोक्याची, पाठीवर पट्टे असलेली. पन्नास वर्षांनी आम्हाला मरळ दिसली.

मरळीचे जोडपे गवत बाजूला सारून अंडी घालते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत राखण करते. पिल्लांच्या जवळ जे येईल त्यावर ती झडप घालते, भूक असो वा नसो. गळवाल्यांना हे पक्के माहीत असते. पिल्लांच्या ढगावर बेडूक लावून गळ टाकला की मरळ हमखास लागते. दाजींनी बांधल्या अंगठ्यानेच मोठा गळ काढला. त्यांचे डोळे चमकत होते. "मामी, आज तुम्हाला मरळीचं कालवण खाऊ घालतो. एकच टाक पुरे."

आम्हीही नको म्हणालो नाही, हे कबूल केले पाहिजे. आईची इच्छा होती, मुलीची वही होती, आणि सकाळपासून आम्ही चिलापीच मोजत होतो.

आईने विचारले, "पिल्लं हायत का सोबत?"

"हायत की अक्का, लालेलाल," मामा म्हणाले.

"मग काठी ठेवा, जावईबापू."

दाजी गप्प उभे राहिले. आई पुढे म्हणाली, "माझा बाप दुष्काळात चिखलात हात घालायचा. तवाही पिल्लावरची मरळ दिसली की हात काढून घ्यायचा. आपल्या घरात पोटुशी बाई बसलेली असायची, मी. त्याला उपाशी राहता आलं. तुम्हाला आज काय उपास हाय? पाच चिलाप्या हायत, शिंगाळा हाय."

भोईमामांनी तेलुगूत काहीतरी म्हटले आणि मान डोलवली. मग मराठीत सांगितले की राखण करणारी मरळ गेली तर तासाभरात दुसरे मासे सगळी पिल्ले फस्त करतात. एक मरळ धरली की शंभर गेल्या. दाजींनी गळ डब्यात टाकला. रागात होते की नाही कळले नाही, पण थोड्या वेळाने तेच धाकट्याला खांद्यावर घेऊन तो तांबडा ढग दाखवत होते.

आईला पिल्ले दिसत नव्हती. मुलीने तिच्या कानाशी बसून सांगितले : आता डावीकडे चालली, आता वर आली, आता सगळी एकदम खाली गेली, आई त्यांच्या मागे आहे. आई डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिला एकच चिंता. "उद्या दरवाजे उचलतील. पाणी उतरलं की ही कुठं जातील?"

"पाण्यामागं जातील, अक्का," मामा म्हणाले. "मरळ वाट काढती. खाली कंदकुर्तीला मांजरा येऊन मिळते, तिथवर कुठंही राहील. तिला काय, हे पाणी कोणाचं ते माहीत नाही."

रात्री बहिणीच्या घरी शिंगाळ्याचे कालवण झाले, धर्माबादच्या मिरचीचे. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. जेवण झाल्यावर मुलीने वही उघडली. पाचव्या जागी शिंगाळा लिहिला, त्याची लांबी लिहिली, दाजींच्या अंगठ्याचीही नोंद केली. मग बराच वेळ पेन धरून बसली. धाकट्याने विचारले, "मरळ लिहू नकोस ना? आपण कुठं धरली?" तिने लिहिले, आणि आजीला वाचून दाखवले : "६. मरळ. पाहिली. धरली नाही. सोबत पिल्ले होती."

आई म्हणाली, "जागेचं नाव लिही." तिने लिहिले, "धर्माबाद."

वाचक माता-भगिनींनो आणि बंधूंनो, लेकरांना घेऊन असा एक दिवस नदीवर जरूर घालवा. फार खर्च नाही. जाण्याआधी तिथल्या मच्छीमार बांधवांची परवानगी घ्या. १ जुलैनंतर बाभळीच्या पात्रात उतरू नका, वरून पाणी कधी वाढेल याचा नेम नसतो. शिंगाळ्याचा गळ काढताना हातावर फडके घ्या. आणि पावसाळ्याच्या तोंडाला पाण्यावर तांबडा ढग दिसला, तर काठी बाजूला ठेवून लेकरांना तो जवळून दाखवा.